सहा मिलिमीटरचा काठ

कोल्हापुरातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात मी डिझाइनचं काम करते. शेतीपंपाच्या स्टार्टरला लोखंडी पेटी लागते, त्या पेट्या आम्ही बनवतो. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका उलगडून चपटा केला की जसा दिसतो, तसा पेटीचा सपाट आकार आधी कॉम्प्युटरवर काढायचा, हे माझं काम. त्याला फ्लॅट पॅटर्न म्हणतात. त्याबरहुकूम लेझरवर पत्रा कापला जातो आणि मग खाली बेंडिंगच्या मशीनवर एकेक काठ दुमडून पेटी उभी राहते.

त्या मशीनवर मामा होते. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. पन्नाशी ओलांडलेले, उचगावचे, घरी दोन म्हशी. सकाळी दोन्हींची धार काढायची, दूध डेअरीला घालायचं आणि पहिल्या पाळीला हजर व्हायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. मी कारखान्यात लागले तेव्हा मला पत्र्याची जाडी नुसती बघून सांगता येत नव्हती. ते मला त्यांनी शिकवलं. त्यांनी शिकवलं हेच पुढे मी विसरले. ड्रॉइंग माझ्या नावाने निघायला लागली आणि माझ्या डोक्यात जरा जास्तच हवा गेली.

त्या दिवशी एका नव्या पेटीचं झाकण उलगडत नव्हतं. दुमडलेलं झाकण पडद्यावर झकास दिसायचं, सपाट करायला गेलं की लाल खूण यायची. मी बेंडची त्रिज्या बदलून पाहिली, कोपरे पुसून नव्याने काढले, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मॅनेजर दर अर्ध्या तासाने येऊन खुर्चीमागे उभे राहायचे. दुपारनंतर घोळ सापडला. झाकणाचा आत वळणारा काठ चौदा मिलिमीटरचा होता आणि सपाट केल्यावर तो बिजागरीच्या पट्टीवर चढत होता. एकाच जागी पत्र्याचे दोन तुकडे, ते कसे कापणार? यावर सरळ उपाय होता. काठाचा कोपरा तिरका छाटायचा, की दोन्ही तुकडे सुटे होतात. पण त्यासाठी दोन-तीन ठिकाणी मापं पुन्हा जुळवावी लागली असती आणि मी वैतागले होते. मी चौदाचे सहा केले. काठ आखूड झाला, लाल खूण गेली. ड्रॉइंग खाली पाठवून मी चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी मामा कापलेला पत्रा घेऊन वर आले. चपला दाराबाहेर काढून आत आले आणि पत्रा माझ्या टेबलावर ठेवला.

"म्याडम, ह्यो काठ लईच बारका झालाय. डायवर टेकतच न्हाय, आत घसरतोय. बाकीच्या पेट्यांगत चौदाचा करून द्या की."

बेंडिंगच्या मशीनला खाली डाय असते, तिला मधोमध खाच. पत्रा खाचेच्या दोन्ही बाजूंना टेकला तरच वरून पंच, म्हणजे जाड पोलादी पातं, येऊन तो नीट दुमडतो. काठ फार आखूड असला तर एका बाजूला आधारच राहत नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते आकृतीसकट लिहिलंही होतं. पण तेव्हा माझ्या पडद्यावर दुसरंच काम उघडं होतं, आणि मला कुणी चूक काढलेली खपत नसे.

"कॉम्प्युटरवर सगळं बरोबर बसतंय मामा," मी मान वर न करता म्हटलं. "तुमच्या हाताला जमत नसेल तर तसं सांगा."

"जमतंय की," मामा म्हणाले आणि पत्रा उचलून खाली गेले.

तासाभरात खालून आरडाओरडा ऐकू आला. मशीन जुनं. पायाने पेडल दाबलं की पंच खाली येणार, मध्ये हात आहे की पत्रा ते त्याला कळत नाही. काठ घसरू नये म्हणून मामांनी पत्रा पंचाच्या अगदी जवळ धरला होता. तो आत सरकला, आणि हातही त्याच्याबरोबर गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. मी जिन्याच्या अर्ध्यावर उभी होते. हाताला फडकं गुंडाळून त्यांना बाहेर नेताना पाहिलं. ते ओरडत नव्हते. माझं झाकण जमिनीवर पडलेलं होतं.

मी परत वर आले, झाकणाची फाइल उघडली, कोपरा तिरका छाटला आणि काठ पुन्हा चौदाचा केला. दहा मिनिटं लागली. मामा तोवर दवाखान्यातही पोचले नसतील.

अपघाताचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी चांगलं आहे असं मॅनेजरांचं मत. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'कामगाराने चिमटा न वापरता पत्रा हाताने धरल्यामुळे.' वाक्य खोटं नव्हतं. चिमटा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, मी कारखान्यात लागल्यापासून तो कुणी काढलेला मला आठवत नाही. मामा वर आल्याचं मी लिहिलं नाही. त्या वेळी केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो.

पंधरा-वीस दिवसांनी मामांना बोलावलं. मॅनेजरांनी अहवाल मोठ्याने वाचला आणि विचारलं, "मामा, ह्यात काय सांगायचं हाय का?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईल काढून त्यात काहीतरी शोधायला लागले. "न्हाय," मामा म्हणाले. सुवाच्य सही करणाऱ्या त्या माणसाने डाव्या हाताचा अंगठा उठवला, कारण उजवा हात बँडेजमध्ये होता. निष्काळजी माणूस मशीनवर नको, असं वरून आलं आणि मामा घरी बसले.

मला झोप येत नव्हती, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण झोप येत होती. जेवणही जात होतं. मला माझीच किळस यायची ती कामावर, फ्लॅट पॅटर्न विनातक्रार उलगडला की.

चार महिन्यांनी एका रविवारी मी उचगावला गेले. गोठ्यात एकच म्हैस होती. मामा तिच्याखाली बसून डाव्या हाताने आणि उजव्याच्या उरलेल्या बोटांनी धार काढायचा प्रयत्न करत होते. म्हशीला तो हात ओळखीचा वाटत नसावा. तिने पान्हा चोरला होता आणि ती सारखी पाय झाडत होती. बादलीचा तळ जेमतेम भिजला होता. दुसरी याच कारणाने विकली, हे मामींनी सांगितलं. हीसुद्धा पुढच्या आठवड्यात जाणार होती.

मामांनी हात धुतले आणि मला बाजेवर बसवलं. मामी चहा टाकायला आत गेल्या. मी घरून वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरले.

"मामा, माझं ड्रॉइंग चुकलं होतं."

"ठावं हाय की. म्हून तर वर आलतो तुमच्याकडं."

"मग त्या दिवशी ऑफिसात बोलला का नाही?"

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलला ओला हात पुसला. एकेक बोट वेगळं पुसलं, आणि जिथं बोटं नव्हती तिथंही टॉवेल फिरवला.

"तुमी बोलशीला म्हून थांबलो हुतो," ते म्हणाले.

मामी चहा घेऊन आल्या. पिशवीच्या दुधाचा होता. मी तो सगळा प्याले, कारण कप ठेवल्यावर काय करायचं ते मला कळत नव्हतं.

सोमवारी मी मॅनेजरांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कागद कधीच वर गेला. मामा पण बसलेत आता घरात. उकरून काय मिळणार? राहू दे." मी जागेवर येऊन बसले आणि राहू दिलं.