सुमीची एक पेटी, माझे दोन डबे

कलाकृतीचं वाटोळं करायला टीकाकार लागत नाही, शिस्तप्रिय भाऊ पुरतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी धाकटी बहीण सुमी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि मी रेशन ऑफिसात कारकून. परीक्षेसाठी तिने बोरिवलीच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला. आत आरसा आणि एक पेटी. पेटीत चापाच्या नथी, खोट्या मिशा, बुगड्या, फेटे, सगळं एकत्र! डोळे मिटून हात घालायचा, येईल ते चढवायचं आणि आरशात बघायचं.

"बाई आणि पुरुष यांच्यामधली रेघ नक्की कुठेय, ते ज्याचं त्याला बघू दे," सुमी म्हणाली. "दादा, परीक्षक बाई येतायत. तू फक्त गर्दी सांभाळ. बाकी कशाला हात लावू नकोस!"

ती बाईंना आणायला गेली आणि मी हात लावला. (नीटनेटकेपणा हा मला ऑफिसातून जडलेला आजार.) शिट्टी फुंकून लेडीज-जेन्ट्स वेगळ्या रांगा केल्या. मग वाटलं, रांगा दोन आणि पेटी एक? नथी-बुगड्या एका डब्यात काढल्या, मिशा-फेटे दुसऱ्यात. वर चिठ्ठ्याही चिकटवल्या! बायका नथ घालून, केस सारखे करून बाहेर येऊ लागल्या. काही खोळंबा नाही, सगळं झकास!

तेवढ्यात सुमी बाईंसकट दारात. बाई रांगा आणि डबे न्याहाळू लागल्या, तशी सुमी मला कोपऱ्यात ओढून कुजबुजली.

"दादा, काय केलंस हे? सहा महिन्यांच्या कामाची वाट लावलीस रे! नापास होणार मी!" तिचे डोळे भरून आले.

मी धावलो. दोन्ही डबे पेटीत उपडे केले आणि जवळ उभ्या असलेल्या आमच्या वडिलांना, आबांना, पडद्यामागे ढकललं. आबा म्हणजे गिरणीत कामगारांवर डाफरणारे जॉबर, मालवणचे, झुपकेदार मिशीवाले!  आतून आवाज आला, "अरे, ह्यां तर माझ्या आवशीचां तोंड!"

पडदा सरकला. नाकात नथ घातलेले आबा आरशापुढे हात जोडून बसले होते. हॉलमध्ये कोणीही हसलं नाही.  मी कधीच न पाहिलेली आजी त्या मिशीच्या वर मला स्पष्ट दिसत होती.

मग आई गेली. तिच्या हाताला मिशी लागली. दहा मिनिटं झाली तरी बाहेर येईना!

"काकू, आटपा ना!" बाहेरून कोणीतरी ओरडलं.

"थांबा रे जरा," आतून आई म्हणाली. "बरं वाटतंय."

रांगा कधी मोडल्या, ते मलाही कळलं नाही. शिट्टी गळ्यात लोंबत होती आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो.

जाताना बाईंनी सुमीची पाठ थोपटली. "सगळ्यात आवडली ती सुरुवात. दोन रांगा, दोन डबे आणि तो शिट्टीवाला मख्ख कारकून! काय हुबेहूब सोंग! नट कुठून आणलास गं?"

सुमीने माझ्याकडे पाहिलं.

"घरचाच आहे, बाई. तालीमसुद्धा लागली नाही!"