हणमंतरावांचा कोटा

“फुंका,” मी म्हणाले.

हणमंतरावांनी ब्रेथ अ‍ॅनलायझरच्या नळीत लांब फुंकर मारली. यंत्रावर शून्य आलं. मी नळी बदलली आणि पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. माझं समाधान झालं नाही. शून्याचा अर्थ एवढाच, की गेल्या काही तासांत माणूस प्यायलेला नाही. काल दुपारी काय झालं ते यंत्राला विचारून उपयोग नसतो.

मी सांगलीत, विश्रामबागेत एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. संशय घेणं हा नोकरीचाच भाग, आणि आता तो स्वभावात मुरलाय. घरात कुणी वेलदोडा चघळला तरी मी आधी तोंडाचा वास घेते. हणमंतराव म्हसवडकडचे, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. सांगलीत घर केलं आणि रिकामपणी दारूत बुडाले. आमच्याकडे अ‍ॅडमिट झाले, सावरले. गेल्या पावसाळ्यापासून एक थेंब घेतलेला नव्हता. मी शब्द टाकला म्हणून एका शाळेनं त्यांना बसवर ड्रायव्हर घेतलं. त्यामुळे ते प्यायले असतील तर प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्या बसमध्ये लहान पोरं बसत होती.

त्या सकाळी त्यांच्या मेव्हण्याचा, दिलीपचा, फोन आला. हणमंतरावांना केंद्रात आणणारा हाच. दर फॅमिली मीटिंगला पहिल्या खुर्चीत बसणाराही हाच.

“मॅडम, दाजींचं परत सुरू झालं बगा. काल साताऱ्याला जाऊन मिलिटरी कँटीनमधनं पिशवी आनली. बाटल्या वाजत हुत्या.”

रिटायर फौजीला कँटीनमध्ये साबण-चहाबरोबर दर महिन्याला ठरावीक दारूही घेता येते. त्याला कोटा म्हणतात. मी हणमंतरावांना लगेच बोलावलं. सकाळची फेरी संपवून ते खाकीतच आले. मी आधी बसची किल्ली मागून घेतली, मग फुंकायला लावलं.

“कोटा घेता का?”

“घेत हुतो. काल न्हाई घेतला.”

“घेत होतात? दारू सोडल्यावरसुद्धा?”

“व्हय.”

“कुणासाठी?”

मान खाली. दारू सोडलेला माणूस अशी मान घालून बसला की मी त्याचा एकच अर्थ लावते.

त्यांच्या बायकोला, सुरेखाताईंना, फोन लावला. हणमंतरावांना डॉक्टरांनी एक गोळी दिलेली आहे. ती पोटात असताना दारू प्यायली तर अंग लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. रोज ती सुरेखाताईंच्या हातून घ्यायची, असं ठरलेलं.

“गोळी घेतात?”

“माझ्याम्होरं गिळत्यात की.”

“नंतर तोंड उघडून बघता?”

“जीभ बी वर करायला लावते.”

“कालच्या पिशवीत काय होतं?”

“साबन, च्या पावडर आन लोनच्याच्या बरण्या. मीच काडून फळीवर ठिवल्यात, मॅडम.”

तरी मी त्यांना माळा, मीटरची पेटी, पाण्याची टाकी, सगळं बघायला लावलं. काही निघालं नाही. रिकामी बाटलीसुद्धा नाही. पण नवऱ्याची नोकरी वाचवायला बायका किती सफाईनं खोटं बोलतात ते मी पाहिलेलं आहे. मी त्यांच्यावरही संशय घेतला. शाळेला कळवायला फोन उचलला, एवढ्यात दिलीप न बोलावता केबिनमध्ये आला.

“मॅडम, अ‍ॅडमिटच करून घ्या दाजींना. दोन म्हैनं राहू द्या.”

“पिशवीत दारू होती ती तुम्ही पाहिलीत?”

“बगायला कशाला पायजे? फौजी मानूस कँटीनला गेला आन तसाच आला, असं कवा झालंय?”

“म्हणजे पाहिली नाही.”

“न्हाई, पन रात्री मागितली तवा न्हाई म्हनाले. मग गेली कुठं? प्यालेच असनार.”

“मागितली? कुणी? तुम्ही?”

दिलीप खिशातला मोबाइल काढून उगाच बघायला लागला. हणमंतरावांनी मान वर केली.

“आता सांगून टाकतो, मॅडम. दर म्हैन्याला ह्याच्यासाठीच आनत हुतो. मला उचलून हितं आनला त्यो ह्यानंच. त्याला न्हाई कसं म्हनायचं? साताऱ्यापासनं सांगलीपातूर बाटल्या पाठीवर. मधी गाडी थांबवायची न्हाई, च्याला बी न्हाई, एवढं ठरवून यायचो.”

“मग काल काय झालं?”

“मागल्या खेपेला कराडाजवळ गाडी पंक्चर झाली. दुकानात पिशवी मांडीवर घिऊन बसलो. लय भ्या वाटलं. तवाच ठरवलं, आता बास. काल काउंटरवरच्यानं इचारलं, रम द्यायची का? मी म्हनलं, लोनचं द्या.”

मला भयंकर राग आला. दिलीप म्हणाला, “मी त्यास्नी पी म्हनलो न्हाई कवा. नुसतं आना म्हनलो.” तो हे अगदी मनापासून बोलत होता. त्यानं राग आणखी वाढला.

मी यंत्राला नवी नळी लावली आणि त्याच्यासमोर धरली. “फुंका.”

“मला कशाला? मी काय पेशंट हाय व्हय?”

“फुंका.”

जेवणाची वेळसुद्धा झालेली नव्हती. यंत्रावर शून्य आलं नाही.

मी किल्ली हणमंतरावांच्या हातात दिली. दुपारची फेरी त्यांनीच केली. दिलीपलाही मी अ‍ॅडमिट व्हायला सुचवलं, त्यावर त्याला घरी महत्त्वाचं काम आठवलं.

त्यानंतर केंद्रात नियम केला. फॅमिली मीटिंगला आधी नातेवाइकांनी फुंकायचं, मग पेशंटनी. तेव्हापासून पुढच्या खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. हणमंतराव मात्र दर आठवड्याला येतात आणि न सांगता फुंकतात. शून्य येतं. मी नळी बदलते आणि पुन्हा फुंकायला लावते.