बाबांनी उपटलेली वायर

आमच्या जामसर गावात आभाळ गडगडलं की घरातली प्रत्येक वायर उपटायची, हा नियम. टीव्ही, मिक्सर, चार्जर, सगळं. घरात हे काम बाबांचं.

आई गेली आणि पुढच्याच वैशाखात बहिणीचं लग्न ठरलं. हळदीची गाणी आमच्याकडे आईच म्हणायची. तिचा आवाज उरला होता फक्त चुलत भावाच्या मोबाइलमध्ये, त्याच्या हळदीच्या रेकॉर्डिंगमध्ये, तोही त्या मेल्या डीजेखाली गाडलेला. बहीण म्हणाली, "दादा, मला हळद आईच्या गाण्यावरच लागायला हवी." मी एका कंपनीची व्हर्च्युअल मशीनं घरून सांभाळतो, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवतो. म्हटलं, करतोच!

भंगारातला जुना सर्व्हर, म्हणजे तसलाच मोठा कॉम्प्युटर, एसटीतून मांडीवर घेऊन आलो. मेमरी प्रचंड, डिस्क मात्र रडकी. म्हणून व्हर्च्युअल मशीनला जवळजवळ सगळी मेमरी देऊन टाकली आणि आवाज डीजेपासून सोडवायचं काम तिथंच मांडलं. मेमरी वेगवान, पण वीज गेली की पाटी कोरी. त्यासाठी इन्व्हर्टर लावला. काम पुरं झालं की डिस्कवर उतरवायचं, असं ठरलं होतं. सर्व्हरचे पंखे दिवसचे दिवस घोंघावत राहिले. "काय रं, आय बोलली का?" बाबा येता-जाता विचारायचे. एका दुपारी दोन ओळी मोकळ्या झाल्या, त्या ऐकवल्या. बाबा उठून अंगणात गेले.

हळदीच्या आदल्या दिवशी मी मांडवासाठी डहाळ्या आणायला गेलो. वळवाचं आभाळ आलं. परतलो तर घरात शांतता. पंखे बंद! इन्व्हर्टरचीसुद्धा वायर काढून, नीट गुंडाळून, सर्व्हरवर आईच्या लुगड्याचं फडकं टाकलेलं.

"जाम कडाडत व्हती," बाबा म्हणाले. "पयला तुझा डबा वाचवला. आय हाय ना त्यात."

असा संताप आला! मग रडू आलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हणालो, "बरं केलंत."

हळदीला मूळचंच रेकॉर्डिंग लावलं. नुसता धडाधडा डीजे. बहीण हळदीच्या पाटावर मान खाली घालून बसली होती. बाबा स्पीकरला कान लावून होते.

"आजून साफ नाय झाली?"

"मशीन बिघडलं, बाबा."

त्यांनी स्पीकरपासून कान काढला.

"वीज शिरली आसंल," म्हणाले. "मीच उशीर केला. आजून लवकर काढाया पायजे व्हती वायर."