डेमू चालवणाऱ्याचे कान

आमच्या घरी हळू बोलायची पद्धतच नाही. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी शेजारीण दारात येऊन बघते, भांडण लागलं की काय. याला कारण ह्यांची नोकरी. हे रेल्वेत डेमू गाडी चालवायचे. डेमूला वर तार लागत नाही. गाडीतलंच डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकं फिरतात. ते इंजिन ड्रायव्हरच्या अगदी पाठीशी, मधे पत्र्याची भिंत. दिवसभर त्या धडधडाटात बसलेला माणूस घरी आल्यावरही ओरडणारच, असं आम्ही धरून चाललो.

डहाणूच्या रुळांवर तारा कधीच्याच आलेल्या. त्यामुळे डेमूसाठी हे परगावी आणि मी इथे डहाणूजवळ आशागडला. हे सुट्टीपुरते घरी. मग तिकडेही तारांचे खांब उभे राहिले. खांब उभे राहिले की डेमू तारा नसलेल्या लायनीवर जायची, आणि तिच्यामागून हे, घरापासून आणखी लांब. विजेच्या गाडीचं ट्रेनिंग घ्या म्हणून मी किती डोकं फोडलं! तर म्हणे, "डिझेल कुठे जातंय?"

डिझेल गेलं. शेवटच्या लायनीवरही तारा पोचल्या, डेमू यार्डात उभी राहिली आणि तिच्या चाकांतून गवत वाढलं. त्याच सुमारास तपासणीत ह्यांचे कान नापास झाले आणि ह्यांना गाडीवरून उतरवलं. तोवर आम्हाला पत्ताच नव्हता. टीव्ही मोठ्याने, विचारावं एक आणि उत्तर भलतंच, सगळं आम्ही नोकरीच्या सवयीत ढकललं होतं. वेवजीहून माझा भाऊ आला की म्हणायचा, "भावोजी अजून गाडीतून उतरलेच नाहीत." आणि आम्ही सगळे खो खो हसायचो.

वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस गेली. इंजिनामुळे असेल, वयामुळे असेल, आता ती परत यायची नाही. मशीनने आवाज वाढेल, शब्द कळतीलच असं नाही. झालंही तसंच. मशीन लावलं की ह्यांना भांड्यांचा खणखणाट टोचतो आणि माझं बोलणं मात्र नुसती गुणगुण. आताशा हे माझ्याशी फारसं बोलतच नाहीत. विचारलेलं कळत नाही, मग हसून मान हलवतात. ती मान हलवणं बघितलं की मला रडू येतं. भांडायला तरी समोर माणूस हवा ना.

तरी दुसरं मशीन बघू म्हणून परवा पुन्हा वापीला निघालो. डहाणू रोडला गाडीची वाट बघत मी बाकावर बसले होते. आता धावतात त्या मेमू, तोंडवळा डेमूसारखाच, फक्त वर तार. आमची विरारकडून यायची होती, ती दिसते का बघायला हे उठले आणि तिकडे तोंड करून फलाटाच्या पलीकडच्या कडेवर वाकले. तेवढ्यात पाठीमागून, गुजरातकडून, त्या कडेच्या रुळावर न थांबणारी एक्सप्रेस आली. भोंगा वाजला. तो ह्यांना ऐकू आला असेलही, कारण हे आणखी पुढे वाकून विरारकडेच बघू लागले. आवाज कुठून येतो ते आता ह्यांना कळत नाही.

मी "अहो!" म्हणून ओरडले. फलाटावरच्या साऱ्या पुरुषांनी वळून पाहिलं, माझाच तेवढा वळला नाही. धावले तरी मी वेळेत पोचणार नव्हते. मग मी ह्यांचं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. चारचौघांत, घसा फाटेस्तोवर, पुन्हा पुन्हा घेतलं.

शेवटी नरपडच्या एका मासेवालीने टोपली टाकली आणि ह्यांचा सदरा धरून मागे खेचलं. गाडी अंगावरून गेल्यासारखी गेली.

"काका, कान हायेत का कुठं?" ती म्हणाली. "बायको केवढी बोंबलते!"

ह्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, हसले. मग माझ्याजवळ आले. चेहरा पांढराफटक. मी काही बोलायच्या आत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने माझ्यावर खेकसले, "गाडी येताना दिसत होती, तर एक हाक मारायची ना!"