आण्याच्या माळावर विमान उतरवलं तेव्हा

वैमानिकाचं शिक्षण संपत आलं होतं. छोट्या विमानातून एकटीनं लांब जाऊन परत यायचं, असा त्या दिवशीचा सराव होता. आण्याच्या पठारावर आले आणि इंजिन खोकायला लागलं. रेडिओवर कळवलं, पण विमान एकसारखं खाली येत होतं. परतीची धावपट्टी गाठणं शक्यच नव्हतं.

मी मूळची पिंपळवंडीची. मावशी आण्याला दिलेली, त्यामुळे तो माळ माझ्या पायाखालचा. गुरं चरतात तो लांब, सपाट पट्टा मला वरून लगेच ओळखू आला. अडचण एकच होती. पट्टा दक्षिणोत्तर होता आणि वारा पश्चिमेचा, चांगलाच जोरात. म्हणजे विमान आडव्या वाऱ्यात उतरवावं लागणार.

भीती वाटली का, असं लोक अजून विचारतात. खरं सांगायचं तर हात कामात होते, भीतीला सवड नव्हती. इंधन बंद केलं, दार आधीच उघडून ठेवलं. हातातली दांडी डावीकडे दाबून डावा पंख वाऱ्याकडे झुकवला, पायाखालच्या पेडलनं नाक सरळ धरलं. डावं चाक टेकलं, मग उजवं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याबरोबर हातातली दांडीही सैल सोडली.

तेवढ्यात वारा डाव्या पंखाखाली शिरला. विमान गर्रकन फिरलं, उजव्या पंखाचं टोक बांधाला घासलं, पुढचं चाक मोडलं आणि नाक मातीत रुतलं.

मला खरचटलंसुद्धा नव्हतं. बाहेर उडी मारली, तर शेळ्या सोडून एक म्हातारे बाबा धावत येत होते.

"पायलट कुठं हाय? लागलं का त्याला?"

"मीच आहे, बाबा."

"एकटीच व्हतीस? कुनाची गं तू?"

"पिंपळवंडीची."

"मग आपलीच की!"

त्यांच्या तोंडात बिडी होती आणि हवेत पेट्रोलचा वास. "आधी ती विझवा!" मी ओरडले. त्यांनी ती चिमटीत विझवून खिशात घातली.

वारा विमानाला अजून उचलू पाहत होता. एव्हाना रानातल्या बायाही जमल्या. मी दावी मागितली, रिकामी पोती मागितली. कुणी काही विचारत बसलं नाही. पोत्यांत दगड भरले, दाव्यांनी दोन्ही पंख त्यांना बांधून टाकले. "लई वारं हाय, राव, आनखी दोन पोती टाका," बाबाच सगळ्यांना सांगत होते.

पुढं चौकशी झाली. इंजिनाचा दोष निघाला. पण पंख आणि चाक माझ्यामुळे गेलं, हे मी स्वतःच सांगितलं. चाकं टेकली म्हणजे उतरलो, असं मी धरून चालले होते. तिथंच चुकले. समोरच्या अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि तसंच लिहून घेतलं.

महिन्याभरानं पुन्हा उडाले. शेजारी आमचे प्रशिक्षक होते. वारा आडवाच होता आणि तो दिवस मीच मागून घेतला होता. एक चाक टेकलं, दुसरं टेकलं, वेग कमी झाला. दांडी मी वाऱ्याकडे दाबूनच धरली होती.

"झालं, उतरलीस," प्रशिक्षक म्हणाले.

"थांबू द्या आधी, सर," मी म्हणाले.