सोजराबाईनं मोडलेली सोयरीक

साखऱ्याच्या सोजराबाईला अंगावरची हळद उतरायच्या आतच कळलं, की नवऱ्याला तिन्हीसांजेनंतर दिसत नाही. जळबा शेतातून आला आणि दाराशी उभ्या म्हशीला म्हणाला, "जरा पाणी दे गं." सोजराबाई मागं चुलीपाशी होती. तिनं म्हशीच्या वतीनं सांगितलं, "घागर रिकामी हाय." जळबा मुकाट्यानं ओट्यावर बसला. नंतर सारा प्रकार कळला तेव्हा तो स्वतःच पोट धरून हसला, आणि त्या हसण्यावरच सोजराबाईचं मन त्याच्यावर बसलं.

जळबा तिचा सख्खा आतेभाऊ. घराण्यात रातांधळे निघतात हे दोन्हीकडं ठाऊक होतं, पण त्याला रोग कुणी म्हणत नसे. सोयरीक जुळवताना फक्त दिवेलागणीच्या आत पाहुण्यांना वाटेला लावायचं, एवढी काळजी घेतली जाई. ह्या संसारात दोन लेकरं झाली. थोरली पंचफुला धडधाकट होती. धाकटा दगडोबा मात्र कळता झाल्यापासून अंधार पडला की भिंत चाचपायचा. पुढं पुढं तो भरदिवसाही बाजूला ठेवलेल्या बादलीला अडखळायला लागला, तेव्हा सोजराबाई घाबरली.

चौऱ्याहत्तर साली हिंगोलीला डोळ्यांचं शिबिर भरलं. ती बाप-लेकाला एसटीत घालून घेऊन गेली. डॉक्टरनं दोघांच्या डोळ्यांत बत्ती धरून बराच वेळ पाहिलं. डोळ्यामागचा पडदा सुकत चाललाय, म्हणाला. आधी रात्रीचं जातं, मग कडेचं, शेवटी समोरचंही. याला ना औषध, ना चष्मा. मग त्यानं विचारलं, नवरा-बायको नात्यातले का? सोजराबाईनं मान डोलावली. तेव्हा डॉक्टरनं समजावलं, की ही खोट रक्तातच येते. एकाच बाजूनं आली तर माणसाला चांगलं दिसतं, त्याला पत्ताही लागत नाही. आई-बाप दोघांकडून आली की डोळे जातात. म्हणजे खोट तिच्यातही होती, आणि पंचफुलातही असणारच. पोरगी नात्यात देऊ नका, एवढं त्यानं बजावून सांगितलं.

सोजराबाई परतीच्या एसटीत बसली. इतकी वर्षं ती जळबाला त्याच्या घराण्यावरून चिडवत आली होती. औंढ्याच्या फाट्यापाशी ती म्हणाली, "अर्धा माल माझ्याकडचाबी हाय म्हणं."

जळबा म्हणाला, "मंग आता निम्म्या शिव्या तू खा."

शिबिरातून तिनं एक खोड मात्र उचलून आणली. डॉक्टर समोर बघायला लावून कानाच्या बाजूनं बोट हलवायचा, आणि दिसलं की सांगा म्हणायचा. आता सोजराबाई गावात भेटेल त्याच्या कानाशी बोटं नाचवू लागली. किसनराव पारावर बिडी ओढत बसले असता तिनं तोच प्रयोग केला, तर ते दचकून बिडीसकट उठले. बाईला बाहेरचं लागलं असं अर्ध्या गावानं ठरवलं. तिनंही तो समज मोडला नाही. नळावर आपोआप पहिला नंबर लागू लागला होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात जळबाची बहीण पद्माबाई आली, मुलगा सोनाजी आणि चार वडीलधारे घेऊन. भावाच्या पोरीवर तिचा हक्कच होता. सोनाजी देखणा, बोलका. पद्माबाईची घाई एकच, चार वाजताच्या गाडीनं परत निघायचं. सोजराबाईनं ते ओळखलं. ती चहा घेऊन आली आणि सोनाजीच्या मागं उभी राहिली. तो कापसाच्या भावाबद्दल रंगून बोलत होता. तिनं त्याच्या गालाशी बोटं नाचवली. सोनाजी बोलतच होता. तिनं टोपलीतलं वांगं उचलून त्याच्या कानाशी लोंबकळवलं. बैठकीत हसू फुटलं.

सोनाजी गोंधळून समोर पाहू लागला. आपण काय वावगं बोललो ते त्याला कळेना. त्याचा चेहरा बघून सोजराबाईचा हात खाली आला. ती त्याच्या पुढ्यात येऊन बसली.

"कडंचं दिसत न्हाई ना, बापू?"

"न्हाई, मामी," तो हळूच म्हणाला. "माय म्हणली, सांगू नको."

पद्माबाई भडकली. माझ्या भावाचा संसार केलास, मग माझ्या पोरात काय वाईट, असं तिनं विचारलं. सोजराबाई म्हणाली, "तुझा भाऊ सोन्यासारखा हाय आन् पोरगंबी. डोळ्यांपायी न्हाई म्हणत न्हाई मी. नात्यात देत न्हाई."

पद्माबाई चहा न घेताच उठली आणि तिनं दोन वर्षं अबोला धरला. पंचफुला कळमनुरीकडं, नात्याबाहेर गेली. पण सोनाजीचा तो चेहरा सोजराबाईच्या डोळ्यांपुढून हलेना. ती स्वतः त्याच्यासाठी नात्याबाहेरची पोरगी शोधत सिद्धेश्वरच्या बाजूला फिरली आणि एका घरी शालू नावाच्या पोरीला तिनं सगळं खरं सांगितलं. शालूनं विचारलं, माणूस हसरा आहे का? सोनाजीशी तिचं लग्न झालं, पहिलं लेकरू झालं, आणि बारशाला पद्माबाईनं सोजराबाईला पहिल्या पंगतीत बसवलं, तेही न बोलता.

पुढं जळबाची समोरची नजरही गेली. ती त्याचा हात धरून त्याला रोज शेतात नेई आणि बांधावर उभी राहून ज्वारीचं वर्णन करी; कणसं कशी मनगटाएवढी, पाखरं कशी वाकून सलाम करून राहिली. एकदा पीक साफ वाळलं होतं. तरी तिचं वर्णन चालूच होतं. जळबानं खाली बसून ज्वारीचं एक ताट चाचपलं, ते कडकन मोडलं.

"लई भारी पिकलंय," तो म्हणाला, "आता सांग, सलाम कोण करून राहिलं?"