बोट गेलं, हात राहिला

परभणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी माझा उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला. तर्जनी सुजून काळीनिळी झाली होती. मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढत गेली होती. डॉक्टर हैदराबादकडचे होते आणि दखनी बोलत. ते म्हणाले, "सिस्टर, आप खुद नर्स हैं, आपको क्या बताना. सेप्सिस है."

सेप्सिस म्हणजे जखमेतलं विष रक्तात भिनणं. हे मी लोकांना कितीदा तरी समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी कळलं, शब्द ठाऊक असला म्हणून भीती काही कमी होत नाही.

मी कॅथलिक नन. माहेर वसईचं, केळीच्या बागांमधलं. नर्सिंग शिकले, व्रत घेतलं आणि निजामाच्या मुलखात आले. गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. मी आणि नजर अधू झालेली एक वयस्कर सिस्टर, एवढ्याच आम्ही. लोक मला "बाई" म्हणत.

आठवड्यापूर्वी गावातल्याच एका धनगराची गिरजा नावाची बाळंतीण आली होती. तिच्या थानात पू झाला होता, अंग तापाने फणफणलेलं. डॉक्टर जवळ नव्हता, म्हणून गळू मीच कापलं. पू निघाला, तिला आराम पडला. पण शेवटी चाकू निसटला आणि माझ्या बोटात टोचला. टाचणीएवढं भोक. बाहेर रांग होती. मी बोट नुसतं पाण्याखाली धरलं, चिंधी बांधली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. चूक माझीच होती. ती सांगायला लाज वाटते, तरी सांगते. रोग्यांची सेवा करणाऱ्या पुष्कळ जणींना आपलं शरीर वेगळ्या मातीचं आहे असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी बोट ठणकू लागलं. पाचव्या दिवशी लाल रेघ दिसली. गंगाखेडपर्यंत बैलगाडी, तिथून रेल्वे. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला दात आवळून धरत होते, एवढंच आठवतं.

पहिल्या दिवशी बोटाला दोन चिरा देऊन पू काढला. मग सल्फाच्या गोळ्या सुरू झाल्या. जंतूंची वाढ रोखणारं ते औषध तेव्हा नवं होतं आणि महायुद्धामुळे मुश्किलीने मिळायचं. गोळ्यांनी मळमळायचं, आणि त्यांच्यावर लोटाभर पाणी प्यावंच लागायचं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. रोज सकाळी डॉक्टर कोपराकडे बघायचे आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे.

चौथ्या दिवशी डोळे उघडले तर खाटेजवळ गिरजा बसलेली. मांडीवर तिची तान्ही मुलगी.

"तू इथं कशी?"

"धनी मेंढरं घिऊन गोदेकाठाला गेले. मी म्हनलं, मी बाईकडं जाते." मग माझ्या हाताकडे बघून हळूच म्हणाली, "माझ्यापायी झालं का ओ हे, बाई?"

"नाही गं. माझ्या घाईमुळे झालं."

तिला ते पटलं नाही. ती राहिलीच. ख्रिस्ती बाईची उष्टी-खरकटी काढते म्हणून तिच्या भावकीत बोलणं झालं, हे मला फार नंतर समजलं.

मला सेवा करून घेणं जमत नव्हतं. डोक्याचा रुमाल एका हाताने बांधता येईना, शौचाचं भांडं दुसरीने उचलायचं, पेज दुसरीने भरवायची. एका दुपारी मी चिडून वाटी ढकलली. पेज गिरजाच्या लुगड्यावर सांडली. मला रडू कोसळलं.

"कशाला रडायलाव, बाई? मला कापताना तुमीच म्हनला की, गप पड, मला काम करू दे. आता तुमी गप पडा."

ती खरंच तसं बोलली. आणि मी गप पडले.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी खुर्ची ओढली. ते बसले, तेव्हाच मी ओळखलं. "हड्डी तक पहुंच गया. अँप्युटेशन करना पड़ेगा." अँप्युटेशन म्हणजे अवयव कापून काढणं. "उंगली की फिक्र नको करो, सिस्टर. अभी हाथ बचाना है."

मी विचारलं, "बोट काढल्यावर नर्सचं काम करता येईल?"

त्यांनी खोटा धीर दिला नाही. "मालूम नहीं," म्हणाले. त्या दोन शब्दांसाठी मी आजही त्यांची आभारी आहे.

क्लोरोफॉर्म देऊन तर्जनी मुळापासून काढली. दोन दिवसांत ताप उतरला, लाल रेघ विरली. मधलं बोट मात्र कायमचं ताठ राहिलं.

आमच्या मठाच्या प्रमुख, मदर, भेटायला आल्या. मायेनेच बोलल्या. "तू मुंबईच्या मठात ये. मुलींना शिकव, प्रार्थना कर. तीही सेवाच आहे."

आज्ञापालन हे आमचं व्रत. नाही म्हणायचा हक्क मला नव्हता. पण मागायचा होता. "मदर, तीन महिने द्या. त्यानंतर तुम्ही पाठवाल तिथे जाईन."

त्यांनी माझ्या बँडेजकडे पाहिलं. "दिले," म्हणाल्या.

दवाखान्यात परतल्यावर डाव्या हाताला शाळेत घातलं. गिरजा लोकरीचं सूत आणायची. घोंगडीची वळकटी करून मी तिच्यावर नाळ बांधायची गाठ मारत बसे. शंभरदा मारायची, शंभरदा सुटायची. इंजेक्शन वांग्याला टोचायची.

"वांग्याला बरं हाय," गिरजा हसायची, "लय टोचा, बोंब मारत न्हाई."

दुसऱ्या महिन्यात सुई सरळ जाऊ लागली. गाठ बसू लागली, पण सावकाश. बाळंतपणात तेवढा वेळ नसतो, हे मला माहीत होतं. मनात एकच हट्ट होता, सगळं एकटीने करून दाखवायचं.

तिसरा महिना संपत आला तेव्हा एक पहिलटकरीण आली. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि दिसलं, नाळेचा गळ्याभोवती घट्ट वेढा. सैल होईना. दोन ठिकाणी चिमटे लावून मधे कापायची होती, तीही ताबडतोब. डाव्या हाताने पहिला चिमटा लावला. दुसरा ताठ बोटावरून घसरला. पुन्हा घसरला. बाळ निळं पडत होतं.

"गिरजा! हात धू आणि हा धर. घट्ट."

तिने धरला. तिचा हात जराही हलला नाही. मी नाळ कापली, बाळ ओढून घेतलं, तोंड पुसलं, पाठ चोळली. किती क्षण गेले सांगता येत नाही. मग बाळाने आवाज केला.

महिन्याअखेर मदर आल्या. मी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, चिमटा घसरला तेसुद्धा.

"म्हणजे तू एकटीने हे काम करू शकत नाहीस."

"नाही, मदर. गिरजा बरोबर असेल तर करू शकते. तिला मी शिकवीन."

मदरनी गिरजाला बोलावून विचारलं, "शिकशील?"

"मला लिवता येत न्हाई. पन हात कापत न्हाईत माझे," गिरजा म्हणाली.

मी तिथेच राहिले.

आजारपणाने माझं बोलणं बदललं. पूर्वी सुई टोचताना मी सगळ्यांना सांगायची, काही दुखत नाही. आता सांगते, दुखेल, माझा हात धर. लोक जास्त शांत बसतात. तुमच्यावर असा प्रसंग आला तर माझ्यासारखी चिंधी गुंडाळून कामाला लागू नका. जखम लगेच साबणाने धुवा, आणि ठणका लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि बरं होताना मदत घ्यावी लागली तर त्यात कमीपणा मानू नका. मला ते शिकायला बोट गमवावं लागलं.

काही वर्षांनी निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत रस्ते बंद होते आणि मी हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. तीन आठवडे गावातली बाळंतपणं गिरजाने एकटीने केली. मी भिंतीपलीकडे पडून ऐकायची. आधी तिचा तो दटावणीचा आवाज, मग कळा देणारीचा, आणि मग नव्या बाळाचं रडणं. प्रार्थनेचे शब्द तापात नीट आठवत नसत. मी नुसते हात जोडायची.